काट्यावर पोतं ठेवलंत, पण बारदान वजा केलं नाहीत

पत्र (थोडं कापून देतेय):

"ताई, मी ३६ वर्षांचा, मूळचा सांगलीचा, आता चाकणला एका कंपनीत शिफ्ट इनचार्ज आहे. मार्चमध्ये वडील गेले. ते मार्केट यार्डात मापाडी होते, आयुष्यभर हळदीची पोती मोजली. मी दहाव्याला रडलो नाही, तेराव्याला नाही, आजपर्यंत नाही. नाइट शिफ्टमुळे चार तास झोप होते, छातीत आवळल्यासारखं होतं, ईसीजी आणि टूडी इको दोन्ही नॉर्मल आले. बायको म्हणते तुझ्याशी बोलणं म्हणजे भिंतीशी बोलणं, काय वाटतंय विचारलं की तुझं एकच, 'काही नाही, कसंतरी होतंय'. कंपनीच्या वेलनेस ग्रुपवर कुणीतरी २० प्रश्नांच्या टेस्टची लिंक टाकली होती ती भरली, ६८ आले आणि खाली लाल अक्षरात 'अलेक्सिथायमिया'. सोबत स्क्रीनशॉट पाठवतोय. म्हणजे मला भावनाच कळत नाहीत का? हे जन्मभराचं आहे का? बाबांचं स्वेटर कपाटात आहे, ते कपाट उघडलं की पोटात कालवतं, म्हणून मी ते उघडतच नाही. सहा वर्षांच्या मुलीने परवा विचारलं, बाबा तू हॅपी आहेस का, तर मला उत्तरच आलं नाही. बायकोला हा आकडा दाखवू का?"

उत्तर:

दादा, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि स्क्रीनशॉट तीनदा बघितला. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बायकोला तो आकडा आत्ता दाखवू नका. लपवून ठेवा असं अजिबात नाही म्हणत, पण त्या ६८ मध्ये काय काय मिसळलंय ते आधी तुम्हाला स्वतःला कळू दे, नाहीतर घरात उद्यापासून 'ह्याला तो आजार आहे' असं सुरू होईल आणि एकदा चिकटलेलं लेबल निघता निघत नाही.

तुमचे बाबा मापाडी होते, त्यामुळे तुम्हाला हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असणार. हळदीचं पोतं काट्यावर चढवलं की जो आकडा येतो तो हळदीचा नसतो, हळद अधिक बारदान, म्हणजे गोणपाटाचं वजन, असा असतो, आणि बारदान पावसात भिजलेलं असेल तर विचारूच नका. तुम्ही जी टेस्ट भरली तिचं अगदी हेच झालंय, काट्यात खोट नाही पण बारदान वजा केलेलं नाही. आता हळद कुठली आणि बारदान कुठलं ते सांगते.

अलेक्सिथायमिया हा शब्द पीटर सिफ्निऑस या बोस्टनच्या मानसोपचारतज्ज्ञाने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला काढला. ग्रीकमधून जोडलाय, भावनांसाठी शब्द नसणं असा साधारण अर्थ. हे आजाराचं निदान नाहीये हं, मानसोपचारवाले निदानासाठी जे जाडजूड मॅन्युअल वापरतात त्यात हा आजार म्हणून नाहीच. हे एक वैशिष्ट्य आहे, कुणात कमी कुणात जास्त, जशी एखाद्याला दिशा पटकन कळते आणि एखादा स्वतःच्याच गावात चुकतो तसं. आणि तुम्ही भरलेली टेस्ट म्हणजे टोरोंटोची २० प्रश्नांची प्रश्नावली, बॅग्बी, पार्कर आणि टेलर या तिघांनी १९९४ मध्ये हे रूप दिलं. प्रत्येक प्रश्नाला १ ते ५, म्हणजे कमीत कमी २० आणि जास्तीत जास्त १००. ५१ पर्यंत नाही, ६१ आणि त्याच्या पुढे आहे, मधले काठावर. तुम्ही ६८, म्हणून लाल अक्षरं.

पण त्या २० प्रश्नांचे तीन गठ्ठे असतात आणि नशिबाने तुमच्या लिंकवर ते वेगवेगळे दाखवलेत. पहिला सात प्रश्नांचा, आपल्याला नेमकं काय वाटतंय हे ओळखता येतं का, त्यात तुम्हाला ३५ पैकी ३१. दुसरा पाचांचा, वाटतंय ते दुसऱ्याला सांगता येतं का, तिथे २५ पैकी २०. तिसरा आठांचा, माणूस आपल्या आत डोकावतो की फक्त बाहेरच्या घडामोडींतच रमतो, तिथे तुम्हाला ४० पैकी १७ च. बेरीज ६८. ज्याला खरोखर आतलं जग लहानपणापासूनच अंधुक आहे त्याचा हा तिसरा गठ्ठाही बहुतेक वेळा वर जातो, तुमचा खाली आहे, म्हणजे तुम्ही आत बघायला तयार आहात, बघता सुद्धा, फक्त आत्ता दिसत नाहीये. (या तिसऱ्या गठ्ठ्याच्या प्रश्नांवर तज्ज्ञ लोक टीका करतात की ते एकमेकांशी नीट जुळत नाहीत, म्हणून त्यावर मी सगळा भार टाकत नाही, पण खूण म्हणून ठीक आहे.) आणि माणूस उदास असला, घाबरलेला असला तर या तीनांपैकी पहिला गठ्ठा सगळ्यात जास्त फुगतो आणि तिसरा जवळजवळ हलत नाही, हे अनेक अभ्यासांमध्ये परत परत दिसलंय. तुमचा स्क्रीनशॉट बघून मला पहिलं हेच आठवलं.

पहिल्या गठ्ठ्यातले सात प्रश्न आठवून बघा. डॉक्टरांनाही न समजणाऱ्या गोष्टी माझ्या शरीरात होतात, असा एक आहे. अहो तुमचा ईसीजी नॉर्मल, इको नॉर्मल आणि छाती तरी आवळतेय, तुम्ही तिथे ५ देणार नाही तर काय देणार! शरीरातल्या जाणिवांनी मी गोंधळून जातो, असा दुसरा. माझ्या आत काय चाललंय मला कळत नाही, असा आणखी एक. वडील जाऊन सहा महिने झालेले, झोप चार तास, अशा कुठल्याही माणसाला हे प्रश्न द्या, भावना ओळखण्यात तो एरवी कितीही हुशार असला तरी आकडा वर जाणार. प्रश्न विचारतोय 'ओळखता येतं का' आणि माणूस उत्तर देतोय 'मला फार त्रास होतोय' ह्याचं.

हे माझं एकटीचं मत नाही. २००९ मध्ये लायसिंग, ग्रांडे आणि फाबर यांनी एक पेपर लिहिला, त्याच्या नावातच त्यांनी टोरोंटोच्या प्रश्नावलीला सर्वसाधारण मानसिक त्रासाचं माप म्हटलं. टोरोंटोवाल्यांना अर्थातच ते मान्य नाही आणि त्यांच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे, ते पुढे सांगते. मग ऑस्ट्रेलियात पर्थला डेव्हिड प्रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये नवीन २४ प्रश्नांची प्रश्नावली आणली, तिच्यात शरीराच्या तक्रारींचे प्रश्न ठेवलेच नाहीत, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे वाईट वाटत असताना ओळखता येतं का आणि चांगलं वाटत असताना ओळखता येतं का हे वेगळं वेगळं विचारलं. २०२४ मध्ये त्याच मंडळींनी थेट हाच प्रश्न घेतला, हे भावना न ओळखणं मोजलं जातंय की नुसता त्रास. त्यांची पद्धत साध्या भाषेत सांगायची तर दोन्ही प्रश्नावल्या आणि सोबत उदासी, भीती, ताण मोजणारे प्रश्न सगळे एका परातीत ओतायचे आणि कोणते प्रश्न कोणाला चिकटतात ते गणिताने बघायचं. पर्थचे प्रश्न आपला वेगळा गोळा करून बसले, टोरोंटोचा 'ओळखता येतं का' हा गठ्ठा मात्र त्रासाच्या प्रश्नांकडेही झुकला. अर्थात पर्थची प्रश्नावली त्यांचीच आहे हे लक्षात ठेवून वाचायचं, तरी मला पटतं, कारण माझ्या स्वतःच्या बाबतीत मी हे बघितलंय.

माझी आई काही वर्षांपूर्वी १७ दिवस आयसीयूत होती. बाहेर स्टीलचा बाक, त्याच्यावर मी आणि माझा भाऊ आळीपाळीने. नवव्या की दहाव्या दिवशी भावाने विचारलं, तुला काय होतंय, चेहरा का असा, आणि मी अगदी खरं सांगावं तसं म्हटलं, भूक लागलीय बहुतेक. खाली जाऊन वडापाव आणला, दोन घास खाल्ले आणि बेसिनपाशी पळाले. ती भूक नव्हतीच, भीती होती, पोटातली खळबळ मी भूक म्हणून वाचली होती. लोकांना भावना ओळखायला शिकवणं हे ज्या बाईचं रोजचं काम तिची ही गत. त्याच आठवड्यात रात्री वेळ जाईना म्हणून मी हीच २० प्रश्नांची टेस्ट मोबाईलवर भरली होती, ६३ आले. आई घरी आली, माझी झोप परत आली, आठ महिन्यांनी तीच टेस्ट भरली, ४७. त्या आठ महिन्यांत मी भावना ओळखायचा कुठलाच कोर्स केला नव्हता, फक्त झोपले होते आणि आई चालायला लागली होती.

आता दुसरी बाजू, कारण मला तुम्हाला खोटा दिलासा द्यायचा नाहीये. २००१ मध्ये लुमिने, बॅग्बी आणि टेलर यांनी डिप्रेशनचे पेशंट उपचाराच्या आधी आणि नंतर मोजले. डिप्रेशन उतरलं तसे या प्रश्नावलीचे गुणही उतरले, इथपर्यंत माझ्यासारखंच. पण ज्याचे गुण सुरुवातीला बाकीच्यांपेक्षा जास्त होते त्याचे शेवटीही साधारण बाकीच्यांपेक्षा जास्तच राहिले. म्हणजे बारदान काढलं तरी खाली हळद असतेच, कुणाची पाच किलो कुणाची पन्नास. तुमची किती आहे ते मला इथे बसून सांगता येणार नाही आणि तुम्हालाही आज कळणार नाही, कारण बारदान भिजून जड झालंय. ६८ मधून इतके वजा करा असा काही आकडाही नसतो. त्रास वेगळा मोजावा लागतो, आणि तो कमी झाल्यावर दुसरी गोष्ट परत मोजावी लागते.

म्हणून पहिल्यांदा त्रास मोजा. २१ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, डास-२१ म्हणतात, लोविबाँड नावाच्या दोन ऑस्ट्रेलियन संशोधकांनी १९९५ मध्ये दिलेली, गेल्या आठवड्याबद्दल विचारते आणि उदासी, भीती, ताण तिन्हीचे सात सात प्रश्न, प्रत्येकी ० ते ३. ती कुठल्याही समुपदेशकाकडे असते, आणि मला वाटतं तुम्ही ती एकट्याने मोबाईलवर भरू नका, समोर माणूस असू दे. चाकण-पुण्यात मानसोपचारतज्ज्ञ किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळतील, सरकारी दवाखान्यातही मिळतात. तिथे गेल्यावर 'मला अलेक्सिथायमिया आहे' असं सांगून सुरुवात करू नका, 'वडील मार्चमध्ये गेले, चार तास झोपतो, छाती आवळते, रडू येत नाही' एवढं सांगा, त्यांना पुरे आहे. छातीचं म्हणाल तर रिपोर्ट नॉर्मल आहेत हे चांगलंच, पण कधी दुखणं हातात किंवा जबड्यात गेलं, घाम फुटला, तर भावना ओळखत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल.

एक गोष्ट स्पष्ट विचारते, रागावू नका. जगण्यात अर्थ नाही, आपण नसलो तर बरं, असं काही मनात येतं का? पत्रात नाहीये पण रात्रपाळीत एकटा माणूस काय काय विचार करतो ते मला माहितीये. येत असेल तर आजच १४४१६ ला फोन लावा, टेलिमानस, सरकारची हेल्पलाइन आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट आणि मराठीत बोलतात. आणि बायकोला सांगा, हे मात्र तिच्यापासून अजिबात लपवायचं नाही.

आता ती खालची हळद किती आहे त्याचा थोडा अंदाज घरबसल्या घेता येतो. दोन प्रश्न आहेत. पहिला, मार्चच्या आधी तुम्ही कसे होता? स्वतःला विचारू नका कारण उदास माणसाला आपण कायमच असे होतो असं वाटतं, बायकोला विचारा, सांगलीच्या एखाद्या जुन्या मित्राला विचारा, आईला विचारा. "मी चिडलो की मला कळायचं का, की तुम्हालाच आधी कळायचं?" असंच विचारा. तिघंही म्हणाले की तू शाळेपासून असाच, तुला ताप आलाय हेसुद्धा दुसऱ्याने सांगावं लागायचं, तर मग ते जुनं आहे. आणि तिघं म्हणाले की नाही रे, तू तर मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलच्या जिन्यात रडत बसला होतास, तर ते वेगळं.

दुसरा प्रश्न चांगल्या वाटण्याचा, पर्थवाल्यांकडून उचललेला. गेल्या दोन-तीन महिन्यातला एखादा बरा क्षण घ्या, मुलीने चित्र काढून दिलं असेल, शिफ्टमध्ये मशीन बंद पडलेली तुम्ही चालू केली असेल. तेव्हा आनंद होता, की अभिमान, की नुसतं सुटल्यासारखं, हे वेगळं सांगता येतंय का? दुःखात गोंधळ आणि सुखात स्पष्ट असेल तर बहुतेक त्रासाचंच पारडं जड. दोन्हीकडे सारखंच धुकं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, पण एक आहे, डिप्रेशनमध्ये चांगलं वाटणंच आटून जातं, त्यामुळे 'चांगलं वाटतं पण कुठलं ते कळत नाही' आणि 'चांगलं काही वाटतच नाही' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलीला उत्तर आलं नाही ते यातलं कुठलं होतं, बघा आठवून.

आणि ते 'कसंतरी होतंय'. माझ्याकडे येणाऱ्या दहातली पाच माणसं हेच म्हणतात, मी त्याला वाईट म्हणत नाही, ते दार आहे, पण दारातच उभं राहायचं नाही. आपल्या मराठीत यासाठी इतके शब्द पडलेत आणि आपण ते वापरणंच सोडलंय. पुढे काहीतरी वाईट होणार असं वाटलं की धाकधूक. मागचं काहीतरी करायचं राहून गेलं ते टोचत राहतं ती रुखरुख. जवळचं माणूस नाहीये, संध्याकाळ झाली की ती हुरहूर. एक मन इकडे ओढतं एक तिकडे, मग घालमेल. सगळ्याचाच वीट आला की उद्वेग. आणि छाती आवळते तेव्हा या पाचातलं कुठलं? शिफ्ट संपून कंपनीच्या बसमध्ये बसलात की मोबाईलच्या नोट्समध्ये तीन गोष्टी टाका, अंगात कुठे काय होतंय, त्याच्या आधी अर्ध्या तासात काय घडलं, आणि या शब्दांतले जवळचे दोन. एकच नको, दोन, म्हणजे चुकायची भीती राहत नाही. कुठलाच बसला नाही तर 'माहीत नाही' लिहा, तेही चालतं. पण हे झोप थोडी सुधारल्यावर सुरू करा, चार तास झोपलेल्या माणसाला मी हा गृहपाठ देणार नाही.

तुमच्या पत्रातलं कपाटाचं वाक्य मी परत परत वाचलं. पोटात कालवतं हे तुम्हाला कळलं, कशामुळे कालवतं हेही कळलं, स्वेटरमुळे, आणि म्हणून तुम्ही कपाट बंद ठेवलंत. न दिसणं वेगळं आणि दिसतंय म्हणून डोळे मिटणं वेगळं. प्रीस यांच्या मांडणीत सुद्धा हे आहे, माणूस सतत नजर फिरवत राहिला तर ओळखायचा सरावच जातो आणि मग खरंच ओळखू येईनासं होतं, म्हणून मी याला किरकोळ म्हणत नाही. तरी घाईने कपाट उघडायला जाऊ नका, एकट्याने तर नकोच. समुपदेशकाला हे वाक्य असंच्या असं वाचून दाखवा.

बायकोला काय सांगायचं? आकड्याऐवजी एवढंच सांगा, "तू विचारतेस तेव्हा मला पटकन कळत नाही, छातीत आवळतं एवढं कळतं, मला अर्धा तास दे, मी स्वतःहून येऊन सांगतो." आणि मग अर्ध्या तासाने खरंच जा, सांगायला काही नसलं तरी जा, तिची भिंतीची तक्रार त्या न जाण्याबद्दल आहे असं मला वाटतं. लेकीलाही उत्तर द्यायचं राहिलंय. "मला आजोबांची आठवण येते" असं सांगितलं तर तिला कळेल, सहा वर्षांच्या मुलांना हे नीट कळतं, आणि ती बहुतेक लगेच तुम्हाला आजोबांची एखादी गोष्ट सांगायला लागेल जी तुम्हाला माहीत नसेल.

तीन महिन्यांनी, झोप सहा तासांवर आली आणि डास-२१ चे आकडे खाली आले की मग टोरोंटोची तीच टेस्ट परत भरा, जमल्यास पर्थचीही, शक्यतो शिफ्ट नसलेल्या दिवशी सकाळी. तिन्ही गठ्ठ्यांचे आकडे वेगवेगळे लिहून मला पाठवा, बेरीज नाही पाठवली तरी चालेल.

— तुमची ताई